रसाळ साहेब आणि नुकसानीचे फोटो

किस्से कांद्याच्या ढिगासारखे असतात. खालचा एक ओढायला जावं तर वरचे दहा अंगावर घरंगळतात. आमच्या शिरूरच्या एसटी स्टँडसमोर दुपारी कुणीतरी सहज म्हणतं, "दत्ताशेठ, तो हसणाऱ्या दुकानदाराचा सांगा की!" मी म्हणतो, एवढा एकच सांगतो आणि स्टुडिओ उघडतो. झालं! समोरची नगर गाडी जाते, मागची येते, चहा दोनदा होतो, आणि स्टुडिओच्या दारात पासपोर्ट साईजवाला ताटकळत उभा असतो.

मी मूळचा लग्नाचा फोटोग्राफर. पण नव्वद सालानंतरची दहा-पंधरा वर्षं मी लग्नांइतकीच नुकसानंही काढली. जळालेली दुकानं, उलटलेले ट्रॅक्टर, उडालेली पत्र्याची शेडं. ही कामं मला रसाळ साहेबांमुळं मिळाली.

रसाळ साहेब विम्याचे सर्व्हेयर. कुणाचं काही जळालं, मोडलं, की नुकसान खरं किती झालं हे बघायला विमा कंपनी ज्यांना पाठवते, ते. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुके ते एका जुन्या स्कूटरवर फिरायचे. मागं मी, गळ्यात कॅमेरा. खेड्यात सर्व्हेयर म्हटलं की लोकांना मोजणीवाला वाटायचा. ते बांधाची भांडणं घेऊन पुढं यायचे. साहेब शांतपणे सांगायचे, "मी जमीन मोजत नाही. मी नुकसान मोजतो."

त्यावर एक म्हातारा म्हणाला होता, "मंग बरंच झालं! ह्या बांधापायी माझं जे नुकसान झालं, ते मोजा!"

साहेबांचे नियम कडक. ज्याचं नुकसान बघायचं, त्याच्याकडं चहा नाही, पाणी नाही, जेवण नाही. नातेवाइकाचं काम घ्यायचं नाही. बघितलं तेवढंच लिहायचं. हे नियम त्यांना कुणी शिकवले माहीत नाही, पण ते पाळताना आजूबाजूच्यांची जी धांदल उडायची, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

*

पहिलंच काम न्हावऱ्याचं. एका किराणा दुकानदाराचं दुकान आदल्या दिवशी जळालेलं. मला तोपर्यंत नवरा-नवरी सोडून कुणाचे फोटो काढायची सवय नाही. साहेब आत जळक्या मालाची नोंद करत होते. मला म्हणाले, "दत्ता, मालकाला दुकानापुढं उभं करून एक फोटो घे."

मी शेठजींना उभं केलं. मागं काळंठिक्कर पडलेलं दुकान, वितळलेल्या बरण्या, अर्धवट लोंबणारा बोर्ड. शेठजींचा चेहरा पार उतरलेला. मी डोळा लावला आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "शेठ, जरा हसा!"

आणि शेठ हसले हो! बिचाऱ्याला वाटलं, विम्याचा नियमच असेल.

फोटो धुऊन आले, साहेबांनी घाईत पाकिटात घातले आणि कंपनीला गेले. दहाएक दिवसांनी कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून विचारणा. दुकान जळाल्यावर विमाधारक एवढा आनंदी का? आग लावली की लागली?

शेठजी माझ्या स्टुडिओत आले ते रडकुंडीला येऊनच. "आवो, तुम्हीच म्हनला हसा! आता माझं हसू मलाच भोवतंय!" माझ्या एका शब्दापायी एका माणसावर बुडायची वेळ आली होती.

मी साहेबांकडं धावलो. म्हटलं, "साहेब, दुसरा फोटो काढू? रडका?"

साहेब म्हणाले, "अजिबात नाही. झालं ते झालं तसं सांगायचं." आणि त्यांनी कंपनीला उत्तर लिहिलं की पाहणीच्या वेळी विमाधारक दुःखात होते, परंतु फोटोग्राफर लग्नाचा असल्याकारणाने त्यांना हसावे लागले.

शेठजींचं काम झालं. पण कंपनीच्या कुठल्या तरी बारकाईनं वाचणाऱ्या माणसानं आधी एक उलट प्रश्न पाठवलाच: "कोणाच्या लग्नाचा?"

*

ही कामं माझ्याकडं आहेत हे गावात पसरल्यावर स्टुडिओत वेगळंच गिऱ्हाईक यायला लागलं.

एक जण आला, इकडं तिकडं बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाला, "काल तुम्ही आमच्या गोठ्याचं फोटू काढलं न्हवं?"

"काढले."

"त्यात भिंत लई काळी दिसंना. जरा जास्त काळी करून द्या."

मी म्हटलं, "असं करता येत नाही."

तो चिडलाच! भिंतीवर लावलेल्या नवरीच्या फोटोकडं बोट दाखवून म्हणाला, "ही पोरगी आमच्या भावकीतली हाय. तिला तुम्ही गोरी केली का न्हाई? मंग माणूस गोरा करताय, तर भिंत काळी कराया काय जातंय?"

मी तोच प्रश्न साहेबांना केला. साहेब म्हणाले, "नवरीचा फोटो तपासायला सर्व्हेयर जात नाही, म्हणून ते खपतं!"

*

आता आप्पांची ओळख करून द्यायला हवी. पूर्ण नाव सांगत नाही, सगळा तालुका त्यांना क्लेमवाले आप्पाच म्हणायचा. साहेब कंपनीनं पाठवलेले, तर आप्पा नुकसान झालेल्या माणसाच्या बाजूनं. अर्ज लिहायचे, कागद गोळा करायचे, भांडायचे, आणि काम झालं की आपला हिस्सा घ्यायचे. पांढरा शर्ट, खिशात छापील कार्डं. कुठं धूर दिसला की आप्पांची लूना तिकडं वळायची. कितीदा तर अग्निशामकचा बंब पोचायच्या आत आप्पा पोचलेले असायचे.

साहेबांना हे बिलकुल आवडायचं नाही. एकदा स्टँडवर त्यांनी आप्पांना चांगलं फैलावर घेतलं. "आप्पा, माणसाचं घर पेटलेलं असताना त्याच्या हातात कार्ड कसं देता तुम्ही? त्या वेळी तो कशालाही हो म्हणेल. हे बरोबर आहे का?"

आप्पा वरमले. म्हणाले, "मंग कवा देऊ?"

"आग विझल्यावर!"

आप्पांनी तिथल्या तिथं शब्द दिला. "रसाळ साहेब, आजपासून आग इझल्याबिगार कार्ड न्हाई. आईशप्पत!"

पुढं महिन्याभरात राहूकडं एका गुऱ्हाळाला आग लागली. आम्ही दुसऱ्या कामासाठी त्याच रस्त्यानं चाललो होतो, धूर बघून थांबलो. गुऱ्हाळाशेजारी वाळलेल्या चिपाडाचा डोंगर पेटलेला. गावातली माणसं विहिरीपासून रांग करून बादल्या देत होती. आणि रांगेत सगळ्यात पुढं आप्पा! पांढरा शर्ट काळा झालेला, मिशा भाजायच्या बाकी. मी म्हटलं, वा! आप्पा सुधारले!

साहेब आणि मीही रांगेत लागलो. बऱ्याच वेळानं आग विझली. मालक डोक्याला हात लावून खाली बसला. आप्पांनी बादली खाली ठेवली, हात धोतराला पुसले, साहेबांकडं बघून "इझली न्हवं?" अशी मान हलवली, खिशातनं भिजलेलं कार्ड काढलं आणि मालकाच्या हातात दिलं.

एवढ्यात वारा सुटला. चिपाडाच्या पोटातून भप्पकन पुन्हा जाळ!

सगळे बादल्यांकडं धावले. आणि त्या गोंधळात साहेबांचा आवाज आला, "आप्पा, आग परत लागली! कार्ड परत घ्या!"

आणि आप्पांनी घेतलं हो! मालकाच्या मुठीतनं कार्ड ओढून खिशात घातलं आणि बादली उचलली. मालक बिचारा ओरडतोय, "आवो, पन माझं काम करनार का न्हाई?"

आप्पा धुरातनं ओरडले, "आधी इझू दे!"

*

पाण्याचा किस्सा हसण्यासारखा आहे, पण त्या वेळी कुणी हसलं नव्हतं.

राहूच्या पुढं एक वस्ती. धनगराचं घर. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारे, आता ऊस आणि कोंबड्या. वादळानं पोल्ट्रीचं शेड उडवलेलं, पत्रे शेजारच्या उसात. उन्हाळा असा की स्कूटरच्या सीटवर भाकरी भाजावी. घरातली म्हातारी, सगळे तिला काकू म्हणायचे, ती तांब्या घेऊन आली. साहेबांनी हात जोडले. "नको काकू, मी घेत नाही."

"च्या आणू?"

"तोही नको."

आणि साहेबांनी आपल्या पिशवीतनं आपली बाटली काढून पाणी प्यायला सुरुवात केली.

म्हातारीचा चेहरा बदलला. तांब्या तसाच धरून ती म्हणाली, "आमच्या घरचं पानी न्हाई चालत व्हय तुम्हाला?"

आवाज चढवलेला नव्हता. पण पोरगा, सून, शेजारी, सगळे साहेबांकडं वळून बघायला लागले. मला कळलं, साहेबांना कळायला एक क्षण लागला. आणि कळल्यावर त्यांच्या हातातली बाटली तशीच राहिली. नियम सगळ्यांना एकसारखा लावायचा, हा त्यांचा हट्ट. पण पाण्याला नाही म्हटल्यावर समोरच्याच्या मनात काय काय जुनं जागं होतं, हे त्या नियमात कुठं बसवलेलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "तसं नाही हो काकू. कुणाचंच घेत नाही मी. उद्या कुणी म्हणायला नको, पाणी पाजलं म्हणून जास्त लिहिलं."

म्हातारी म्हणाली, "पान्यानं माणूस ईकत घेता येतो, हे मी आजच ऐकलं!"

साहेबांनी थोडा विचार केला. मग आपली बाटली तिच्यापुढं केली. "बरं, असं करू. आधी तुम्ही माझं प्या. मग मी तुमचं पितो. फिट्टंफाट!"

म्हातारीनं त्यांच्याकडं निरखून बघितलं. बाटली घेतली, वरनं घोट ओतला, आणि तोंड वाकडं केलं. "शी! कसलं ह्ये? औषीद घातल्यावानी! शिरूरात आसलं पिता व्हय तुम्ही?"

साहेबांनी तांब्या घेतला आणि सगळाच्या सगळा रिकामा केला. म्हातारी म्हणाली, "बगा, तहान लागलीच हुती!"

रिपोर्टात साहेबांनी शेवटी एक ओळ घातलीच: पाहणीदरम्यान विमाधारकाकडून एक तांब्या पाणी घेतले, मोबदल्यात एक घोट पाणी दिले.

*

ट्रॅक्टरचा किस्सा सांगताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतं.

दौंडच्या बाजूला बबन नावाच्या एका तरुण शेतकऱ्याचा ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉलीसकट ओढ्यात गेला. नुकसान झालं होतं, खोटं काही नव्हतं. पण ट्रॅक्टरच्या डाव्या बाजूला पुढं एक चेपका होता. बबन म्हणाला, "ह्योबी कालचाच, साहेब."

साहेबांनी त्यावर बोट फिरवलं. "गंज चढलाय की याच्यावर."

"वड्याचं पानीच तसलं हाय," बबन म्हणाला.

मी मात्र कॅमेऱ्यामागं घामाघूम! कारण तो चेपका माझ्या ओळखीचा होता. बबनचं लग्न मीच काढलं होतं. वरात ह्याच ट्रॅक्टरवरनं निघाली होती आणि मांडवाच्या कमानीला धडकली होती. आता काय करायचं? बोललो तर गिऱ्हाईक तुटतंय, त्याच्या धाकट्या भावाच्या लग्नाची ऑर्डर माझ्याकडंच होती. न बोललो तर साहेब स्कूटरवर पुढं बसणार आणि मी त्यांच्या पाठीकडं कुठल्या तोंडानं बघायचं?

मी शेवटी हिय्या केला. तोंड उघडणार, तेवढ्यात घरातनं बबनची बायको मंगल बाहेर आली. मला बघून तिला कोण आनंद!

"अगं बया, फोटोवाले भाऊ! आवं, वळकलं का? आमचं लगीन तुम्हीच काढलं न्हवं!"

बबन म्हणाला, "मंगल, आत जा."

"जाती की! सायब, लई झ्याक फोटू काढत्यात हं हे. वरातीचा तर आसा हाय! कमान पडली बगा ह्या ट्रॅक्टरवर, ह्यो हितं चेपला, आन् मी अशी घाबरून ह्यास्नी धरलं. त्योच नेमका टिपलाय! थांबा, आलबम आनती!"

"मंगल!!"

पण ती गेली आणि घेऊन आली. फोटो खरंच झकास होता. पडलेली कमान, चेपलेला ट्रॅक्टर, लाजलेली नवरी, सगळं फोकसमध्ये.

साहेबांनी फोटो पाहिला, बबनकडं पाहिलं. बबन ओढ्यात पुन्हा पडायला तयार होता. साहेब रागावले नाहीत. अल्बम मंगलच्या हातात परत देत म्हणाले, "वहिनी, हा चेपका बुजवू नका. लग्नाची आठवण आहे!"

*

साहेबांच्या मेहुण्याचं दौंडात विजेच्या सामानाचं दुकान. शॉर्ट सर्किट झालं आणि जळालं. साहेबांनी त्याच दिवशी कंपनीला कळवून टाकलं की हा माझा नातेवाईक आहे, मी हे काम करणार नाही, दुसरा सर्व्हेयर पाठवा. पुण्याचा माणूस ठरला.

पण बहिणीला भावाकडं जाणं भागच. साहेब आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, घेऊन गेले, मीही बरोबर होतो. वहिनी आत जाऊन भावाच्या गळ्यात पडून रडल्या. साहेब रस्त्याच्या पलीकडं उभे!

मेहुणा दारात आला. "दाजी, आत तरी या!"

"सर्व्हेयर बघून जाऊ दे. मग येतो."

"अहो, मी काय काम सांगतोय का? नुसतं बसा!"

"मी आत आलो आणि उद्या कुणी म्हणालं की रसाळनं सामान हलवलं, तर तुझंच नुकसान होईल."

दुपार झाली. साहेब उन्हात. येणारे-जाणारे विचारायला लागले की काही भांडण वगैरे आहे का. मेहुण्याला मेल्याहून मेल्यासारखं. शेवटी पुण्याचा सर्व्हेयर आला. गाडीतनं उतरल्या उतरल्या समोर एक गृहस्थ दुकानाकडं टक लावून उभे दिसले. त्यानं मेहुण्याला विचारलं, "ते कोण हो? सारखे इकडंच बघतायत."

मेहुण्यानं दात-ओठ खात सांगितलं, "कोण जाणे! आमचे कोणी नाहीत!"

साहेबांनी पलीकडनं समाधानानं मान हलवली.

*

साहेबांच्या मुलीच्या लग्नात फोटो अर्थात माझे. शिरूरातच लग्न, साधा मांडव. लग्नाच्या सकाळी एक टेम्पो येऊन थांबला. झेंडूच्या माळा, शेवंती, जरबेरा. नुसता रंगांचा डोंगर! बरोबर पोपटराव. न्हावऱ्याकडचे फुलांचे शेतकरी. त्यांचं पॉलीहाऊस वाऱ्यानं फाटलं होतं, पाहणी झाली होती, रिपोर्ट अजून जायचा होता.

साहेबांनी टेम्पो बघितला आणि हातातला नारळ खाली ठेवला. "पोपटराव, हे परत न्या."

"साहेब, लेकीच्या लग्नाला फुलं आनली. त्यात काय वाईट?"

"रिपोर्ट गेल्यावर आणली असती तरी नको म्हटलं असतं. आज तर नाहीच."

"आन् माघारी न्हेऊन काय करू? सांजच्याला सुकत्याल!"

"सुकू द्या!"

वहिनींनी मांडवाकडं बघितलं. कागदी पताका आणि दोन केळीचे खुंट. त्यांचे डोळे भरून आले, पण नवऱ्याला ओळखून होत्या.

पोपटरावही हट्टी माणूस. त्यांनी टेम्पो वळवला आणि शेजारच्या मारुतीच्या देवळापुढं नेऊन उभा केला. अर्ध्या तासात देऊळ असं सजलं की आज आपलंच लग्न आहे की काय, असा मारुतीलाही प्रश्न पडावा. साहेबांना काही म्हणता येईना. देवाला कोण नको म्हणणार?

पुढं जे व्हायचं तेच झालं. पाहुणे मांडवात जेवायचे आणि फोटोला देवळात जायचे! वरमाईच म्हणाली, "इथंच बरं दिसतंय." मी तरी काय करणार? नवरा-नवरी, करवल्या, मामा, व्याही, सगळे फोटो झेंडूपुढं. साहेब एकटे आपल्या पताकांखाली अक्षता वाटत उभे.

अल्बम तयार झाल्यावर मी घरी नेऊन दिला. साहेबांनी पानं उलटली. मग चष्मा काढून विचारलं, "दत्ता, हा मांडव कोणाचा?"

आतनं वहिनींचा आवाज आला, "ज्याला फुलं चालतात त्याचा!"

*

आणि शेवटचा, बँडवाल्याचा. हा सांगितला की, साहेबांनी केलं ते बरोबर की चूक, यावर स्टँडसमोर भांडण ठरलेलं.

दौंड तालुक्यातलं एक गाव. तिथल्या बँड कंपनीची वाद्यं एका पत्र्याच्या खोलीत ठेवलेली असायची. लग्नसराई तोंडावर आली आणि खोलीला आग लागली. ढोल, ताशे, युनिफॉर्म, सगळी राख. पितळेची वाद्यं तेवढी काळी पडून उरली होती. कंपनीचे मालक म्हणजे मास्तर, साठीचे, सडपातळ, स्वतः ट्रम्पेट वाजवणारे. तालुक्यात त्यांच्या ट्रम्पेटशिवाय नवरी सासरी जात नसे. त्यांच्या हाताखालची पोरं भिंतीला टेकून बसलेली. ऑर्डर घेतलेल्या, सुपाऱ्या फुटलेल्या, आणि हातात काही नाही.

मास्तरांच्या बाजूनं आप्पा होते. आम्ही पोचायच्या आधी त्यांनी मास्तरांना सगळं पढवून ठेवलेलं दिसत होतं. साहेब एकेक वाद्य उचलत, बघत, लिहीत होते. चामड्याच्या वाद्यांचा प्रश्नच नव्हता. पितळेचं आलं की आप्पा सांगायचे, "हे बी गेलं, साहेब. पार गेलं. आता नुसतं भंगार."

असं करत ट्रम्पेट आलं. मास्तरांचं स्वतःचं. तोंडाशी वाकलेलं, बोटांनी दाबायच्या तीन खिट्ट्यांपैकी दोन आत चिकटून बसलेल्या, आतनं काजळी गळत होती.

साहेबांनी ते हातात घेतलं. "हेही गेलं?"

मास्तर हळू म्हणाले, "व्हय, साहेब. ह्ये आता वाजत न्हाई."

साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. जळण्याआधी वस्तू कशी होती, हे त्यांना लिहावं लागायचं. "आणि आधी कसं वाजायचं?"

"कसं वाजायचं?" मास्तरांचे डोळे एकदम चमकले. "आसं!"

आणि त्यांनी साहेबांच्या हातातनं ट्रम्पेट घेतलं आणि ओठाला लावलं!

आप्पांचा जीव गेला. ते साहेबांच्या पाठीमागनं दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होते. मास्तरांचे डोळे मिटलेले! आधी नुसती हवा गेली, फुर्र करून काजळी उडाली, माझ्या लेन्सवर आली. मग एक सूर लागला. दोन खिट्ट्या चिकटलेल्या, त्यामुळं निम्मे सूर निघतच नव्हते. जे निघत नव्हते तिथं मास्तर थांबायचे, आणि पुढचा निघेल तो घ्यायचे. पण धून कळत होती. नवरी मांडवातनं निघताना वाजवतात ती.

पोरं भिंतीजवळनं उठून उभी राहिली. समोरच्या घरातल्या बायका दारात आल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. आप्पांनी हात हलवायचे थांबवले आणि टोपी काढून हातात घेतली.

मी फोटो काढला. माझं कामच ते.

धून संपली. मास्तरांनी डोळे उघडले, हातातल्या ट्रम्पेटकडं बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. म्हणाले, "साहेब... त्ये... सवयीनं..."

सगळे साहेबांकडं बघत होते. बघितलं तेवढंच लिहायचं, हा माणूस! साहेबांनी पेन कागदावर टेकवलं, तसंच धरून ठेवलं. मग माझ्याकडं वळले.

"दत्ता, फोटो काढलास?"

"काढला, साहेब."

"ट्रम्पेट दिसतंय?"

"स्वच्छ दिसतंय."

"फोटोत आवाज येतो का?"

मी म्हटलं, "नाही, साहेब."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "चल, स्कूटर काढ."